हबशी म्हणजे नेमके कुठले? डीएनए चाचणी, सिद्दी समाज आणि आपले कागद

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी तीन नावं सहज येतात: सिद्दीअंबर बाजार, ए.सी. गार्ड्स आणि हब्सीगुडा. पहिलं बेगम बाजाराच्या अंगाला, दुसरं मासाब टँकजवळ, तिसरं उप्पल रोडवर. तिन्ही नावांत आफ्रिका आहे. 'ए.सी.' म्हणजे 'आफ्रिकन कॅव्हलरी'. निजामाच्या पदरी असलेल्या आफ्रिकी वंशाच्या घोडेस्वारांची ती वस्ती. आणि योगायोग पाहा, भारतातल्या सिद्दींचं मूळ डीएनएवरून शोधण्याचं एक महत्त्वाचं काम ज्या संस्थेत झालं, ती सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी, म्हणजे आपली सीसीएमबी, हब्सीगुड्यातच उभी आहे.

इतिहासाची आवड असलेली चार माणसं जमली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. आता डीएनए चाचणी आलीय, नळीत थुंकी द्यायची आणि सहा आठवड्यांत घराण्याचं मूळ घरपोच येतं, मग जुनी दफ्तरं चाळायची कशाला? आफ्रिकी मुळांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण तिथे दफ्तरंच फार थोडी आहेत. ज्याला विकलं, त्याचं गाव आणि आईबापांचं नाव कोण लिहून ठेवणार? म्हणून या चाचण्या काय सांगतात, काय सांगू शकत नाहीत आणि आपल्या दख्खनच्या इतिहासाशी त्याचा मेळ कसा बसतो, हे जरा नीट पाहू.

कागद काय सांगतात

आपल्याकडच्या नोंदींत आफ्रिकी माणसासाठी मुख्यतः तीन शब्द येतात: हबशी, सिद्दी आणि काफ्री. हबशी हा शब्द 'हबश' म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया, यावरून आला. त्यामुळे 'हबशी' वाचलं की आपण सरळ इथिओपिया धरतो. दख्खनच्या इतिहासातलं सगळ्यांत ठळक उदाहरण तसंच आहे. मलिक अंबर १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, तांबड्या समुद्रावरचं मोखा आणि पुढे बगदाद अशा बाजारांतून फिरत अहमदनगरला पोचला. तिथे ज्यानं त्याला विकत घेतलं, तो निजामशाहीचा पेशवा चंगेझखान स्वतःही हबशीच होता. अंबरनं पुढे निजामशाही सांभाळली, मोगलांना झुंजवलं, १६१०मध्ये खडकी वसवली (नंतरचं औरंगाबाद) आणि १६२६मध्ये तो वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. जंजिऱ्याचे सिद्दी तर मराठ्यांच्या इतिहासात पानोपानी भेटतात. त्यांचं संस्थान थेट १९४८पर्यंत टिकलं.

हा झाला लष्करी गुलामीचा, तलवारीच्या जोरावर वर चढलेल्यांचा प्रवाह. दुसरा प्रवाह पोर्तुगीजांचा. मोझांबिकचा कारभार १७५२पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता, म्हणजे गोवा आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा एकाच सत्तेच्या दोन टोकांना होते. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसानं तिथल्या भर रस्त्यात होणाऱ्या माणसांच्या लिलावाचं वर्णन लिहून ठेवलंय. या काफ्रींपैकी काही जण पळून घाट चढले आणि जंगलात राहिले. आज यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड या भागात आणि बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात जे सिद्दी आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पूर्वजांची कथा अशीच सांगितली जाते. त्यांची बोली कोकणी वळणाची आहे. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत.

तिसरे गुजरातचे सिद्दी. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, तो त्यांचा मोठा आधार. आणि चौथे आपले हैदराबादचे. वनपर्तीच्या राजाकडून निजामाच्या सेवेत आलेल्या या घोडदळाचा १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर कारभार आटोपला, पण वस्ती राहिली. आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत जो मर्फा वाजतो, त्यात येमेनी चाऊस आणि सिद्दी या दोघांचाही हात आहे.

आता अडचण अशी की या चौघांनाही आपण एकाच नावानं हाक मारतो. ते सगळे एकाच ठिकाणचे होते का? कागद इथे गप्प बसतो.

चाचणीची हाक अमेरिकेतून

डीएनएवरून आफ्रिकी मूळ शोधायचा ध्यास मुळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा. त्यांच्याकडे वंशावळ शोधणारा प्रत्येक जण एका भिंतीवर आदळतो, आणि त्या भिंतीचं नाव १८७०. त्या वर्षीच्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची नावं पहिल्यांदा सगळीकडे लिहिली गेली. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असे, गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. गुराढोरांची मोजदाद करावी तशी.

१९९१ साली न्यूयॉर्कमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी लोकांचं जुनं दफनस्थान सापडलं. तिथले ४१९ जणांचे अवशेष हॉवर्ड विद्यापीठात अभ्यासले गेले आणि २००३मध्ये सन्मानानं पुन्हा पुरले गेले. या कामाशी संबंध आलेले जनुकशास्त्रज्ञ रिक किटल्स यांनी २००३मध्ये जीना पेज यांच्यासोबत 'आफ्रिकन ॲन्सेस्ट्री' ही कंपनी काढली. ग्राहकाचा नमुना आफ्रिकेतल्या आजच्या जमातींच्या नमुन्यांशी ताडून 'तुमची ही वंशरेषा अमुक लोकांत सापडते' असं ती सांगते. २००६मध्ये प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी टीव्हीवर नामवंतांची मुळं शोधून दाखवली. त्यात ओप्रा विन्फ्रीही होत्या. आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी आपण झुलू असल्याचं सांगितलं होतं. कार्यक्रमात निघालं की त्यांची आईकडची रेषा पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या क्पेले लोकांशी जुळते. एका खंडाची दोन टोकं!

ज्याचं गाव, भाषा आणि नाव तीनही हिरावून घेतली गेली, त्याला 'तू क्पेले' असं कोणी सांगितलं तर त्याला काय वाटत असेल, याची कल्पना आपण वतनाच्या सनदा जपणाऱ्यांनी जरा करून पाहावी. त्यामुळे या चाचण्यांना नुसतं फॅड म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. पण त्या नेमकं काय मोजतात हे कळायला हवं.

नळीतून काय निघतं

चाचणीचे तीन प्रकार असतात. पहिली मायटोकाँड्रियल चाचणी. पेशीतल्या मायटोकाँड्रिया या भागाचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. तो फक्त आईकडून येतो. म्हणजे आई, आईची आई, तिची आई, अशी एकच रेषा. दुसरी वाय गुणसूत्राची. ते बापाकडून फक्त मुलग्याला मिळतं: बाप, आजा, पणजा. तिसरी चाचणी उरलेल्या बावीस जोड्यांची. त्यांत आई आणि बाप दोघांकडचं सगळं मिसळून आलेलं असतं.

आता साधा हिशोब करा. आठ पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाला २५६ पूर्वज असतात. मायटोकाँड्रियल चाचणी त्यातल्या एका बाईची गोष्ट सांगते, वायची चाचणी एका पुरुषाची. उरलेले २५४ त्या दोन चाचण्यांत दिसतच नाहीत. म्हणून 'माझं मूळ क्पेले' याचा खरा अर्थ 'माझ्या शेकडो मुळांपैकी एक क्पेलेंसारखं' एवढाच.

आणि 'सारखं' हा शब्दही जपून घ्यायचा. २००६मध्ये बर्ट इली आणि सहकाऱ्यांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. आफ्रिकी अमेरिकनांच्या आईकडच्या रेषा आफ्रिकेतल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक रेषा एकाच वेळी अनेक जमातींत सापडल्या, सुमारे ४० टक्के कुठेच तंतोतंत जुळल्या नाहीत, आणि एकाच ठिकाणाशी जुळणाऱ्या १० टक्क्यांपेक्षाही कमी निघाल्या. कारण उघड आहे. आफ्रिकेत लोक हजारो वर्षं फिरत, मिसळत राहिले आहेत. शिवाय चाचणी आजच्या माणसांशी तुलना करते, तीनशे वर्षांपूर्वीच्या नव्हे. ज्या जमातीचे नमुने संग्रहात नाहीत, ती जमात निकालात येणारच नाही. कोशात नसलेला शब्द कोशात सापडत नाही, पण म्हणून तो भाषेत नव्हता असं होत नाही, तसंच हे.

सिद्दींचा निकाल

आता आपल्याकडे येऊ. २०११मध्ये सिद्दींवर दोन मोठे शोधनिबंध एकाच अमेरिकन नियतकालिकात आले. एक सीसीएमबीच्या गटाचा, त्यात लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज होते. दुसरा पश्चिम भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या समाजाचा.

दुसऱ्या अभ्यासात १८,५३४ खुणा तपासल्या आणि त्या समाजाचा सरासरी ५८.७ टक्के वारसा आफ्रिकी असल्याचं दिसलं. बाकीचा भारतीय, त्यातही उत्तर आणि वायव्य भारताकडचा. सीसीएमबीच्या अभ्यासात उत्तर कन्नड आणि गुजरात दोन्हीकडचे सिद्दी होते. तिथेही आफ्रिकी आणि भारतीय असा दुहेरी वारसा निघाला, शिवाय थोडा युरोपीय, बहुधा पोर्तुगीज, अंश असण्याची शक्यता. वाय गुणसूत्राची जी शाखा बांटू भाषा बोलणाऱ्यांत फार आढळते, ती कर्नाटकातल्या सुमारे ४२ टक्के आणि गुजरातेतल्या सुमारे ३४ टक्के सिद्दी पुरुषांत मिळाली. दोन्ही अभ्यासांचं बोट बांटू भाषिकांकडे आहे.

इथे आपले कान टवकारले पाहिजेत. बांटू भाषिक म्हणजे मोझांबिक, टांझानिया, काँगो अशा मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेले लोक. इथिओपियातले अम्हारा आणि ओरोमो त्यात येत नाहीत, त्यांच्या भाषांचं कुळच वेगळं. म्हणजे नोंदीत 'हबशी' असलं तरी आजच्या सिद्दी समाजाचा मोठा आफ्रिकी वारसा हबशचा नाही.

मग कागद खोटे ठरले का? मुळीच नाही. मलिक अंबर इथिओपियाचाच. पण अंबरसारख्या सरदारांचे वंशज दख्खनच्या मुसलमान घराण्यांत सोयरिकी करत विरघळून गेले. वेगळा 'सिद्दी समाज' म्हणून जे उरले, ते मुख्यतः नंतरच्या काळात, सागरी व्यापारातून आलेले, ज्यांच्याशी सोयरीक करायला आजूबाजूचे लोक सहजी तयार नव्हते. नमुना घेणारा त्यांच्याकडेच जातो. म्हणजे डीएनए दोन प्रवाहांपैकी एकाचीच साक्ष देतो, कारण दुसऱ्याचे वारस आज कुठे बसलेत हे कोणालाच वेगळं ओळखता येत नाही. खुलदाबाद-औरंगाबादच्या एखाद्या घरात, किंवा इथे जुन्या शहरात, हबशचा धागा असेल आणि त्या घराला त्याचा पत्ताही नसेल.

आणि गंमत म्हणजे बांटू मुळाचा पुरावा डीएनएच्या आधीपासून कानावर पडत होता. गुजरातच्या सिद्दींच्या नाचाला 'गोमा' म्हणतात. स्वाहिली आणि इतर बांटू भाषांत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. कारकुनानं 'हबशी' लिहिलं, पण नाचणाऱ्यानं आपला शब्द सोडला नाही.

आठ पिढ्यांचं कोडं

सीसीएमबीच्या निबंधातला आणखी एक निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा वाचला जातो. आफ्रिकी आणि भारतीय वारशाची सरमिसळ गेल्या आठ पिढ्यांत, म्हणजे साधारण २०० वर्षांत झाली असावी असा त्यांचा अंदाज आहे. यावरून 'सिद्दी दोनशे वर्षांपूर्वी आले' असं कोणी म्हणेल, तर ते चूक.

हा हिशोब कसा करतात ते समजून घेऊ. वेगळ्या मुळांचे आईबाप असले की मुलात गुणसूत्रांचे लांबच लांब सलग पट्टे येतात, एक संपूर्ण आफ्रिकी, एक संपूर्ण भारतीय. पुढच्या प्रत्येक पिढीत पत्ते पिसावेत तसे हे पट्टे तुटून मिसळतात आणि आखूड होत जातात. पट्टे किती आखूड झालेत यावरून किती पिढ्या गेल्या ते काढतात. म्हणजे ही तारीख येण्याची नाही, मिसळण्याची आहे. शिवाय मिसळणं एकदाच न होता सतत चालू राहिलं असेल, तर नव्या लांब पट्ट्यांमुळे तारीख अलीकडे ओढली जाते. गुलामांची आवक तर एकोणिसाव्या शतकापर्यंत चालूच होती. पोर्तुगालनं आपल्या मुलखातली गुलामगिरी कायद्यानं संपवली ती १८६९मध्ये. म्हणून सिद्दी चारपाचशे वर्षांपूर्वीपासून येत राहिले आणि सरमिसळ मुख्यतः अलीकडची, यात विरोध नाही.

शेजारी पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यावर चित्र वेगळं आहे. तिथे आईकडच्या रेषांत आफ्रिकी अंश बापाकडच्या रेषांपेक्षा कितीतरी जास्त सापडतो. घरकामासाठी आणलेल्या बायका आणि त्यांची मुलं, असा इतिहास त्या आकड्यांमागे दिसतो. एकाच समुद्रावरचा व्यापार, पण प्रत्येक बंदराची कथा निराळी. म्हणूनच उत्तर कन्नडचे आकडे उचलून आपल्या ए.सी. गार्ड्सच्या वस्तीला लावता येणार नाहीत.

नाशिक, जे रक्तात दिसणार नाही

डीएनएची मर्यादा समजायला मला सगळ्यांत चांगलं उदाहरण नाशिकचं वाटतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमारानं अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या आश्रमशाळेत ठेवली जात. तिथे ती लिहायला वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकत. त्यांतलाच जेकब वेनराइट हा याओ जमातीचा मुलगा. पुढे तो लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत गेला. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं शव शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणलं. वेनराइट शवासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत खांदेकऱ्यांत होता. नाशिकची आणखीही माणसं मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनमध्ये जाऊन वसली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाचं ते गाव. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

आता त्यांच्या आजच्या वंशजानं चाचणी केली तर निकालात काय येईल? आफ्रिका. शंभर टक्के आफ्रिका असेल कदाचित. पण गोदाकाठी गेलेलं बालपण, पकडलं गेलेलं जहाज, शरणपूर, यातलं काही म्हणता काही येणार नाही. पाच-दहा वर्षं कुठे राहिलात याची नोंद रक्त ठेवत नाही. ती मिशनच्या वहीतच सापडणार. उलट ए.सी. गार्ड्समधल्या माणसाला चाचणी मोझांबिककडचा धागा दाखवू शकेल, पण वनपर्तीचा राजा दाखवणार नाही.

यात पणाला काय लागतं

हे सगळं नुसत्या जिज्ञासेपुरतं असतं तर वेगळं. पण 'मूळ कुठलं' या प्रश्नावर माणसांचे हक्क अडतात. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्या सिद्दींना तो मिळायला २०२० उजाडलं. हल्याळचा भाऊ यादीत आणि खानापूरची बहीण बाहेर, असं मधली सतरा वर्षं चाललं. दोघांचा डीएनए तोच, मधे फक्त जिल्ह्याची हद्द. दर्जा ठरतो तो समाजाची परिस्थिती आणि वेगळेपण पाहून, टक्केवारी पाहून नव्हे, आणि तो तसाच ठरावा. उद्या कोणी '५८ टक्के वाले आत, ४० टक्के वाले बाहेर' असं सुरू केलं, तर तो मोठा अन्याय होईल.

दुसरा धोका रक्ताच्या समजुतींचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलांना धावपटू बनवायची योजना काढली. आफ्रिकी वंश आहे, म्हणजे पळणारच, हा त्यामागचा हिशोब. काही मुलांनी चांगली कामगिरी केली, पण थोड्याच वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि मुलं परत गावी. ज्यांना शाळा, जमीन आणि रोजगार हवा होता, त्यांच्याकडे आपण फक्त पाय म्हणून पाहिलं.

तिसरं, माहितीची सुरक्षा. २०२३मध्ये '२३अँडमी' या बड्या कंपनीकडून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली, आणि २०२५मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. शिवाय तो एकट्याचा नसतो. तुम्ही नळी पाठवली की भाऊ, बहीण, मुलं, सगळ्यांची थोडीथोडी माहिती गेली.

म्हणून आपल्यापैकी ज्यांना आपल्या किंवा ओळखीच्या घराण्यात असा धागा शोधायचा आहे, त्यांना क्रम सुचवावासा वाटतो. आधी घरातली म्हातारी माणसं. त्यांची गाणी, देवस्थानं, स्वयंपाकातले शब्द, नाती, जुनी आडनावं लिहून घ्या. रेकॉर्डिंग करा, ते आधी विचारून. मग कागद: मशिदीच्या, चर्चच्या नोंदी, लष्कराच्या पगारपत्रकांच्या नकला, जमिनीचे उतारे. आणि मग चाचणी, तीही घरच्यांशी बोलून, आणि एक नेमका प्रश्न हातात धरून. 'मी कोण' हा प्रश्न चाचणीला विचारू नका, ती उत्तर देणार नाही. 'पणजीच्या आईची रेषा पूर्व आफ्रिकेतली असू शकेल का' असं विचारा, मग कदाचित देईल. आणि सिद्दी वस्तीत जाऊन नमुने गोळा करण्याचा उत्साह आपण हौशी लोकांनी मुळीच करू नये. ते काम परवानगी, संमती आणि निकाल परत नेऊन सांगण्याची जबाबदारी घेणाऱ्या संस्थांचं.

आपण करू शकतो ते वेगळं आहे. ए.सी. गार्ड्समध्ये रिसाल्याच्या आठवणी ऐकलेली पिढी आता थकत चाललीय. डीएनए पुढच्या पिढीतही मिळेल, नातवाच्या गालातूनही मिळेल. आजीची आठवण मात्र आजीबरोबर जाईल. तेव्हा घाई करायचीच असेल, तर ती तिथे करू या.